बाळ पायाळू आहे असं मी लिहिलं होतं

सोमवार, ६ मार्च

ती. आईंना,

नमस्कार. वाकता येत नाही, पोट मध्ये येतं, तेव्हा उभ्याउभ्याच केलेला गोड मानून घ्या.

तुमचं पत्र पोचलं, लोकरीचे मोजेही पोचले. मोजे इतके इवले आहेत की तुमच्या लेकाने ते बोटांवर चढवून पाहिले, हसू आलं ते आवरलं आणि घडी घालून ठेवून दिले. फोन का करत नाही म्हणून तुम्ही रागावला आहात. अहो आई, मागच्या वेळी तुम्हाला ऐकू जावं म्हणून मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरचे मास्तर वर येऊन विचारून गेले, भांडण मिटलं का. तुमच्या कानांशी आता कागदानेच बोललेलं बरं.

माझं शिकवणं चालू आहे. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणतात काउंटरवर बसा. मी म्हटलं, काउंटरला ब्रेक नसतो, मला करमणार नाही. सध्या एक निवृत्त कॅशियरकाका शिकायला येतात. दुसऱ्या गिअरच्या पुढे जायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलंय. क्लच असा सोडतात, जसं काही खाली मांजर झोपलंय. पण माणूस सज्जन. माझ्या बाजूची सीट रोज स्वतः मागे सरकवून देतात.

आता मुद्द्याचं. आधीच सांगते, घाबरू नका. बाळ पायाळू आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात की आता फिरायला जागा उरली नाही, कळा यायच्या आधीच ऑपरेशन करून काढू. तेव्हा तुम्ही एवढ्या लांबून धडपडत येऊ नका. महिनाभराने, सगळं स्थिरस्थावर झालं की सावकाश या. मला माहीत आहे, थोरल्या जाऊबाईंची तिन्ही मुलं तुमच्या हातांनी जगात आली आणि तुमची बॅग या चौथ्यासाठी कधीची भरून तयार आहे. पण त्याला इलाज नाही ना.

व्यायाम लिहून पाठवू नका. तुमच्या लेकालाही वेगळं पत्र लिहून काही विचारू नका. त्याच्या कंपनीने एका मोठ्या इमारतीच्या सगळ्या लिफ्ट दुरुस्तीला घेतल्यात, दमून येतो, सोफ्यावर जेवतो आणि तिथेच झोपतो. पलंग मला एकटीलाच पुरत नाही, म्हणून.

मी बरी आहे. गोळ्या चालू आहेत, ताकदीच्या. खरंच बरी आहे.

तुमची,
कुठल्याच मापात न बसणारी
धाकटी सून

*

रविवार, १९ मार्च

ती. आई,

नमस्कार लिहावा की नाही, याचा विचार करत बराच वेळ नुसतं पेन धरून बसले. शेवटी लिहिलाय. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

तुम्ही सुखरूप पोचलात असं थोरल्या दादांनी कळवलं. तेवढंच कळवलं, बाकी काही नाही.

पायाळू म्हटल्यावर तुम्ही येणार हे मला कळायला नको होतं का? दुसऱ्या कुठल्याही सासूने ती थाप गिळली असती. आयुष्यभर बायकांची पोटं तपासलेल्या सुईणीला मी बाळाचं डोकं कुठे आहे याबद्दल खोटं सांगितलं. माझ्यासारखी अक्कलशून्य मीच! तुम्ही आलात, पाणीसुद्धा घेतलं नाहीत. गरम पाण्याने हात धुतलेत, एकमेकांवर चोळून ऊब आणलीत आणि डोळे मिटून माझ्या पोटावर ठेवलेत. मी छताकडे बघत होते.

"डोकं खाली आहे," तुम्ही म्हणालात. "झकास बसलंय. कोण गाढव म्हणतं पायाळू?"

तुम्हाला वाटलं की दवाखान्यातले मला फसवतायत, कापाकापीची हौस आहे या लोकांना. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून तुम्ही दवाखान्यात घेऊन गेलात आणि भरल्या रांगेसमोर डॉक्टरीणबाईंना खोटारडी म्हणालात. तुमचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, आई, पण तो औषधाच्या दुकानापर्यंत गेला. त्या बिचारीने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझी गोष्ट माझ्या परवानगीशिवाय ती सांगू शकत नव्हती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. खोटारडी तुमच्या शेजारीच पर्स धरून उभी होती.

आणि मग घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "मी इथून हलत नाही. कळा सुरू होऊ देत, मी आहे." त्यावर मी जे बोलले ते बोलले. तुमचे हात मला लावायचे नाहीत म्हणाले. तुम्हाला नीट ऐकू जावं म्हणून दोनदा म्हणाले, ओरडून. तुम्ही बॅग उचललीत तेव्हा मी दारापर्यंतही आले नाही.

आता कारण सांगते. मला हर्पीस झालाय. खाली.

नागीण नव्हे. ती पाठीवर, पोटावर उठते ती वेगळी. ही तिच्याच भावकीतली, पण हिने जागा भलतीच निवडली. आधी ताप आला, जांघेत गाठी आल्या, मग फोड. मला वाटलं, दिवसभर गाडीत बसून घामोळं आलं असेल. लघवीला बसले की इतकी आग व्हायची की मी तांब्याने पाणी ओतत बसायचे आणि रडायचे. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, हातमोजे काढले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजावं, आई, तुम्हीच म्हणायचात.

जुना रोग असता तर फारशी भीती नव्हती म्हणतात. आईच्या अंगात त्याच्याशी लढायची शक्ती आलेली असते आणि ती बाळाला आतच मिळते. पण माझी ही पहिलीच वेळ आणि तीही दिवस भरत आल्यावर. माझ्या अंगाकडे बाळाला द्यायला अजून काहीच नाही. बाळ त्या वाटेने आलं तर त्याला लागू शकतो. डोळे जाऊ शकतात, मेंदूला होऊ शकतं, काही बाळं राहत नाहीत. म्हणून शेवटपर्यंत गोळ्या घ्यायच्या (त्या ताकदीच्या नाहीत हे तुम्हाला आता कळलंच असेल) आणि कळा यायच्या आत पोटातून बाळ काढायचं. त्याआधीच पाणी गेलं किंवा दुखायला लागलं तर घरी बसून वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा आणि जो कुणी समोर असेल त्याला पहिल्या वाक्यात हे सांगायचं. बाळाच्या डोक्याला सुई, चिमटा काही लावू द्यायचा नाही. असा सगळा बेत आहे. तुमच्या हातांत काही खोट नव्हती हो. पण तुमचे हात बाळाला ज्या वाटेने घेणार, तीच वाट बंद आहे.

आता तुम्ही विचारणार की आला कुठून.

मीही तेच विचारलं तुमच्या लेकाला. भांडी घासत होते, मान वळवून विचारलं. तो म्हणाला, "मी तुला विचारू का?" त्यानंतर आमच्यात धड वाक्य झालेलं नाही. त्याचं काम गावभरच्या इमारतींतून. मी दिवसभर परक्या पुरुषांशेजारी बंद गाडीत. संशय घ्यायला दोघांकडे भरपूर सामान आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यालाही बोलावून सांगितलं की हा अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, कुणाकडे बोट दाखवता येत नाही. फोडांचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलाय, कुठल्या प्रकारचा ते कळेल, तोवर थांबा. आम्ही कसले थांबतोय! त्याने साबण वेगळा केला, टॉवेल वेगळा केला, चहाचा कपसुद्धा वेगळा केला. असा पसरत नाही हे दोघांनाही सांगितलंय. तरी त्याचा कप त्या कोपऱ्यात, माझा या कोपऱ्यात.

मी कुठे गेलेले नाही, आई. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. तुमच्या लेकाचं मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं त्राणही नाही. पूर्वी मी बाळाशी बोलायचे, आज काय शिकवलं, कोण कुठे धडकलं. आता ते लाथ मारतं तेव्हा मी नुसती सॉरी म्हणते. सगळं संपल्यासारखं वाटतंय. बाळ यायच्या आधीच त्याचं घर मोडलंय आणि त्याला अजून पत्ताही नाही.

तुमच्या लेकाला काही विचारू नका. पाया पडते.

तुमची (हा शब्द नको असेल तर खोडा),
धाकटी

*

शुक्रवार, ३१ मार्च

आई,

मुलगी झाली. अंगाने बारीक आहे, आवाज तुमच्यावर गेलाय.

मी दवाखान्यातूनच लिहितेय, बाळांच्या काचेच्या खोलीबाहेर बाकावर बसून. टाके ओढतात, अक्षर वाकडं येईल.

तुम्ही तुमच्या लेकाला पाठवलेलं पत्र मी वाचलं. त्यानेच ओट्यावर माझ्यासमोर ठेवलं. तुम्ही लिहिलं होतंत की असले रोग घरी आणणारे पुरुष मी जन्मभर पाहिलेत आणि ते फेडणाऱ्या बायकाही पाहिल्यात, माझा सुनेवर विश्वास आहे, तू माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस, मला एकच मुलगा आहे असं मी समजेन. खरं सांगते, वाचून मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. त्याचा चेहरा समोर दिसत होता, तरीही. त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि तसाच तुमच्याकडे यायला निघाला. तुम्ही दार उघडलं नाहीत म्हणे. तो तुमच्या दारच्या ओट्यावर बसून राहिला, मग तिथल्याच एका मित्राकडे गेला.

म्हणून ज्या दिवशी पाणी गेलं त्या दिवशी तो इथे नव्हता.

सकाळची शिकवणी चालू होती, कॅशियरकाकांची. सिग्नलला उभे होतो आणि सीट ओली झाली. मी म्हटलं, "काका, आज उजवीकडे वळायचं नाही. सरळ दवाखाना." ते म्हणाले, "पण मला तिसरा गिअर..." मी म्हटलं, "टाका तिसरा! मी आहे!" टाकला हो त्यांनी. हॉर्न म्हणून वायपर चालू केला, एका हातगाडीला जरासं घासलं, पण टाकला. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबत होते आणि मध्येमध्ये कळ यायची तेव्हा दोन्ही पाय वर घेत होते. काका समोर बघून सारखं म्हणत होते, "पोचलोच बघा, पोचलोच."

पोचलो तर डॉक्टरीणबाई परगावी, त्यांचा फोन लागेना, माझे कागद त्यांच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. वॉर्डातल्या सिस्टरने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "डोकं खाली, छान बसलंय. होईल नॉर्मल. घाबरता कशाला एवढ्या?" मी तिला जवळ ये म्हटलं, कानात सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "काय? मोठ्याने बोला, इथे गलका किती आहे." भिंतीला टेकून बायका बसलेल्या, त्यांचे नवरे, त्यांच्या सासवा. माझी पर्स धरून कॅशियरकाका. आणि ती हातमोजे चढवायला लागली.

मग मी ओरडले. शिकाऊ माणूस भिंतीवर जायला लागला की मी 'ब्रेक!' ओरडते ना, तशी ओरडले. "मला खाली हर्पीस आहे! पहिल्यांदाच झालाय! बाळ खालून काढायचं नाही, पोट कापा, आत्ता कापा!"

सगळा गलका बंद झाला. काका माझ्या पर्सकडे बघत राहिले. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. पण सिस्टरने हातमोजे काढले आणि धावली, आणि मग सगळेच धावले. लाज वाटायला तेव्हा सवड नव्हती. ती नंतर आली, भूल उतरल्यावर, टाक्यांबरोबरच.

मुलगी पोटातून निघाली. पण पाणी आधी गेलेलं, म्हणून कुणी छातीठोक सांगत नाही. तिच्या पायाला सुई चिकटवलीय, त्यातून औषध जातं. पाठीतून पाणी काढून तपासायला दिलंय, त्याचं उत्तर यायचंय. अजून अंगावर फोड नाही. दूध ओढते, पण लगेच झोपते. बाळं झोपतातच, असं नर्स म्हणते. तिने दुपटं बाजूला केलं की मी काचेला नाक लावून बघते, आणि काही दिसलं नाही तरी सुटल्यासारखं वाटत नाही. पुढचे कितीतरी दिवस असंच जाणार आहेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते.

डॉक्टरीणबाई परत आल्या तोवर मुलीचं कळून तोही आला होता. नमुन्याचं उत्तर आलं होतं. त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, हा जो प्रकार आहे तो बहुतेक माणसांच्या ओठांवर राहणारा आहे. मग त्याला विचारलं, "तुमच्या ओठांवर कधी फोड येतात?" तो म्हणाला, "ताप आला की येतो, जर म्हणतो आम्ही त्याला. लहानपणापासून." त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला येतो?" मी त्याच्याकडे पाहिलं तर तो फरशीकडे बघत होता. मग म्हणाला, "आईला."

ओठांवरून खाली कसा गेला ते मी लिहिणार नाही. तुम्ही सुईण आहात, नवराबायको काय काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी त्याच्या ओठांवर काही दिसतही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शपथेवर सांगता येणार नाही, पण बहुधा असंच झालं असावं. अर्धं जग हा घेऊन फिरतं, लहानपणी घरातलं कुणीतरी पापा घेतं तेव्हा लागतो. कुणाचाही दोष नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. तो तोंडावर हात घेऊन रडला.

आम्ही दोघंही निर्दोष सुटलो, आई, आणि एकमेकांकडे बघवेना. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आईच्या दाराबाहेर बसून मी ओरडत होतो, मी कुठे गेलो नाही म्हणून. तुला मात्र कधी सांगितलं नाही. तू विचारलंस त्याचाच राग आला होता." मी तरी त्याला कुठे सांगितलं होतं? तो रोज येतो, काचेसमोर उभा राहतो, माझ्यासाठी चहा आणतो आणि माझ्यापासून एक बाक सोडून बसतो. हे सांधेल असं मला वाटत नाही.

आणि तो मला म्हणाला, "आईला यातलं काही सांगायचं नाही. ती मरेल. मीच वाईट ठरलोय ना, ठरू दे."

मी त्याचं ऐकणार होते. पण मी तुम्हाला ओळखते. तुमचा राग उतरेल, नात ती नात, तुम्ही बॅग घेऊन याल आणि पहिल्यांदा तिला उचलून तोंडाशी न्याल. थोरल्या जाऊबाईंच्या शेवटच्या बाळंतपणात मी दिवा धरून उभी होते. नाळ कापायच्या आधी तुम्ही त्या पोराच्या कपाळाला ओठ टेकवलेत. तुम्ही म्हणालात, सगळ्यांनाच टेकवते, आजवर एकालाही सोडलं नाही. हिला टेकवायचे नाहीत, आई. ओठांवर काही दिसत नसलं तरी नाही. फोड आलेला असेल तेव्हा तर जवळही यायचं नाही. नुसतं 'नको' म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. कारण मागितलं असतंत, आणि दुसरी थाप तुमच्यापुढे टिकली नसती.

मला ठाऊक आहे तुम्ही आता काय करत बसाल. न जगलेली बाळं आठवाल, एकेक. तसं करू नका असं लिहायला घेतलं होतं. एकालाही तुमच्यामुळे काही झालं नसेल असंही लिहायला घेतलं होतं. पण मला ते माहीत नाही, आणि डॉक्टरीणबाईंना विचारायची हिंमत झाली नाही. या असं म्हणवत नाही. येऊ नका असंही म्हणवत नाही.

तो उद्या पुन्हा तुमच्याकडे यायला निघतोय. दार उघडा. या पत्रात फक्त मुलगी झाल्याचं लिहिलंय असं मी त्याला सांगितलंय, आणि ते त्याच्याच हाती देतेय.

जिच्या शब्दावर तुम्ही पोटचा मुलगा तोडलात,
ती